चारांतली एकच मेणबत्ती : कॅथलिक शाळांतील आगमनकाळ

डिसेंबरच्या प्रारंभी लंडनमध्ये दुपारी चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. याच दिवसांत इंग्लंड आणि वेल्समधील अनेक कॅथलिक शाळांच्या सभागृहांत हिरव्या फांद्यांचे एक कडे मांडले जाते. त्यावर चार मेणबत्त्या असतात. पहिल्या आठवड्यात त्यांतील एकच पेटवली जाते. या शाळांत अन्य धर्मांच्या घरांतील मुलेही शिकतात. ‘आज आशेची मेणबत्ती लावली,’ असे मूल घरी येऊन सांगते, तेव्हा त्यामागचा अर्थ पालकांना ठाऊक असलेला बरा.

नाताळपूर्वीच्या चार रविवारांनी मोजल्या जाणाऱ्या या पर्वाला मराठी ख्रिस्ती समाजात ‘आगमनकाळ’ म्हणतात. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. बाजारात तेव्हा नाताळ केव्हाच सुरू झालेला असतो; चर्चमध्ये मात्र धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो आणि गव्हाणी रिकामी ठेवली जाते. हा उत्सवाचा नव्हे, प्रतीक्षेचा काळ आहे. तिसऱ्या रविवारी तेवढी गुलाबी मेणबत्ती लागते. वाट अर्ध्याहून अधिक सरल्याची ती आनंदखूण असते.

या कड्याचा उगम मुलांच्याच अधीरतेत आहे. हॅम्बुर्ग येथे योहान हिन्रिख विखर्न हे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक निराधार मुलांसाठी आश्रम चालवीत. नाताळ किती दिवसांवर आला, हे मुलांना दिसावे म्हणून १८३९ मध्ये त्यांनी लाकडी चाकावर लहान तांबड्या व मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवून रोज एक पेटवण्याचा प्रघात पाडला. कॅथलिकांनी तो पुढे विसाव्या शतकात स्वीकारला.

पहिली मेणबत्ती आशेची मानली जाते. आशा म्हणजे ‘सारे ठीक होईल’ हा दिलासा नव्हे. या काळात वाचला जाणारा यशया संदेष्टा अ‍ॅसिरियाच्या आक्रमणाच्या छायेत बोलत होता. तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला कोंब फुटेल, ही त्याची प्रतिमा. झाड तुटल्याचे तो नाकारत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये आशेवरच ‘स्पे साल्वी’ हे परिपत्रक काढले. प्रार्थना, कृती आणि दुःख सोसणे या तिन्हींतून माणूस आशा शिकतो, असे त्यात प्रतिपादन आहे.

शाळेत हे शिक्षण अगदी साधेपणाने घडते. नोव्हेंबर हा कॅथलिक परंपरेत मृतांच्या स्मरणाचा महिना. अनेक शाळांत मुले दिवंगत आप्तांची नावे वहीत लिहितात आणि त्यानंतर आगमनकाळात प्रवेश करतात. ज्या मुलाने नुकतीच आजी गमावली आहे, त्याला कोणी ‘आनंदी राहा’ असे बजावत नाही. सारा वर्ग त्याच्यासोबत एका ज्योतीपुढे शांत बसतो. कुठे रोज एक चॉकलेट काढण्याऐवजी रोज एक जिन्नस खोक्यात टाकला जातो आणि तो गरजूंच्या अन्नपेढीकडे जातो. वाट पाहणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे, हे मुलांना त्यातून उमगते.

दिवाळीत पणती लावणाऱ्या घरातील मुलाला ज्योतीची भाषा परकी नसते. आगमनकाळ त्यात एक पाठ जोडतो : सारे दिवे एकदम लावायचे नाहीत. तीन मेणबत्त्या विझलेल्या असताना चौथीच्या उजेडात बसता येणे, यालाच ही परंपरा आशा म्हणते.