ताण-स्प्रिंग आणि ओढदांड्याची स्प्रिंग : निवडीचा विचार

यंत्ररचनेच्या अभ्यासात स्प्रिंगेचा विचार बहुधा दोन प्रश्नांभोवती केला जातो. दिलेल्या भाराखाली ती किती लांबेल अथवा दबेल, आणि त्या वेळी तारेत प्रतिबल किती उत्पन्न होईल ? हे प्रश्न आवश्यक आहेत. पण जिच्यावर ओढ पडावयाची आहे अशा स्प्रिंगेच्या बाबतीत ते पुरेसे नाहीत. तेथे तिसरा प्रश्न विचारावयास हवा : ती तुटली तर तिने धरलेल्या भाराचे काय होईल ? प्रस्तुत लेखात या तिसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने स्प्रिंगांच्या दोन प्रकारांची तुलना करावयाची आहे.

आपल्या परिसरात हा विषय केवळ पुस्तकी राहिलेला नाही. शहराच्या पश्चिमेकडील वाळूज येथे १९८५ पासून दुचाकी वाहने बनू लागली. जालना मार्गावरील शेंद्रा येथे २००१ साली स्कोडाच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. वाहन म्हटले की त्यात स्प्रिंगा आल्याच, आणि त्यांची निवड करणे हे उद्या आपल्या विद्यार्थ्यांचे काम असणार.

ताण-स्प्रिंग ही सर्वांच्या परिचयाची आहे. तिची वेटोळी एकमेकांस चिकटून गुंडाळलेली असतात व दोन्ही टोकांस तारेचेच आकडे वळविलेले असतात. गुंडाळतानाच वेटोळ्यांत थोडा आरंभीचा ताण भरलेला असल्यामुळे भार त्या मर्यादेपलीकडे जाईपर्यंत ती उघडत नाही. त्यानंतर मात्र रॉबर्ट हुक याने १६७८ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार ती भाराच्या प्रमाणात लांबत जाते. ब्रेकचे जोडे मागे खेचणारी अथवा दुचाकीचा स्टँड वर धरून ठेवणारी स्प्रिंग याच जातीची होय.

ओढदांड्याची स्प्रिंग दिसण्यात तिच्यासारखी वाटली, तरी अंतरंगी ती दाब-स्प्रिंग असते. मोकळ्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगेतून इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे दोन दांडे परस्परविरुद्ध दिशांनी आरपार घातलेले असतात, आणि प्रत्येक दांड्याची टोके पलीकडच्या शेवटच्या वेटोळ्यास अडकविलेली असतात. दांडे बाहेर ओढले की वेटोळी आतल्या आत दबतात. ओढीचे रूपांतर दाबात करण्याची ही युक्ती रेल्वेच्या डब्यांच्या ओढयंत्रणेतही वापरली जाते, आणि घरगुती झोपाळ्याच्या वर बसविल्या जाणाऱ्या स्प्रिंगांतही आढळते.

दोहोंतील भेद आकड्यांत पाहण्यासाठी झोपाळ्याचेच उदाहरण घेऊ. फळी व तीन माणसे मिळून २४० किलोग्रॅम वजन दोन स्प्रिंगांवर टांगले, तर प्रत्येकीवर सुमारे १,२०० न्यूटन भार येईल. झोका लंबरेषेपासून ३० अंशांपर्यंत गेल्यास तळाच्या बिंदूशी ओढ स्थिर भाराच्या १·२७ पट, म्हणजे सुमारे १,५२० न्यूटन होते. तारेचा व्यास ८ मिमी, वेटोळ्याचा मध्यव्यास ४८ मिमी व कार्यकारी वेटोळी १० धरू. पोलादाचा आकारदृढता गुणांक दर चौरस मिमी.स ८०,००० न्यूटन घेतल्यास ताठरपणा दर मिमी.स सुमारे ३७ न्यूटन येतो. येथे ध्यानात ठेवावे की, ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात, तर वेटोळ्याच्या व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून तारेच्या जाडीतील अल्प फरकही मोठा परिणाम घडवितो.

वक्रतेसाठी ए. एम. वाल यांचा गुणक (येथे १·२५) लावला असता वेटोळ्यातील पिळाचे प्रतिबल दर चौरस मिमी.स सुमारे ४५५ न्यूटन येते. हीच तार ताण-स्प्रिंगेत वापरून पूर्ण गोलाचा आकडा वळविला, तर त्या आकड्यात वाकण्यामुळे येणारे प्रतिबल सुमारे ८६० न्यूटन होते. तारेचे ताणबल १,४०० न्यूटन मानून पिळासाठी त्याच्या ४५ टक्के व वाकण्यासाठी ७५ टक्के अशी स्थिर भाराची मर्यादा घेतली, तर वेटोळी आपल्या मर्यादेच्या ७२ टक्क्यांवर आणि आकडा ८२ टक्क्यांवर काम करतो. भार पुन:पुन्हा येत असेल तर दोन्ही मर्यादा आणखी खाली येतात. तात्पर्य, ताण-स्प्रिंगेचे मर्मस्थान वेटोळ्यात नसून आकड्यात असते; आणि आकडा तुटला की भार धरून ठेवणारे दुसरे काहीच उरत नाही.

आता हीच वेटोळी ओढदांड्याच्या रचनेत बसवू. टोकांची दोन धरून एकूण वेटोळी १२ झाली. ती पूर्ण टेकली म्हणजे लांबी ९६ मिमी होते. मूळ लांबी १५० मिमी ठेवल्यास ५४ मिमी दबण्यास जागा राहते, आणि सुमारे २,००० न्यूटन भाराखाली वेटोळी एकमेकांस टेकतात. त्या अवस्थेतही पिळाचे प्रतिबल ६०० न्यूटनच्या आत, म्हणजे ६३० न्यूटनच्या मर्यादेच्या अलीकडेच राहते. भार याहून वाढला तरी स्प्रिंग अधिक दबू शकत नाही. वाढीव ओढ दांड्यांवर जाते. तार तुटली तरी तिचे तुकडे दांड्यांच्या दोन टोकांमध्ये अडकून राहतात व भार थोडा खाली बसून थांबतो. अर्थात् हा सारा भरवसा दांड्यांवर आहे. म्हणून त्यांचा छेद व टोकांची वळणे संपूर्ण भारासाठी स्वतंत्रपणे तपासली पाहिजेत.

याचा अर्थ ताण-स्प्रिंग त्याज्य आहे असा नव्हे. ती हलकी, स्वस्त व थोड्या जागेत मावणारी असते, आणि आरंभीच्या ताणामुळे सुटा भाग खडखडू देत नाही. ओढदांड्याच्या स्प्रिंगेत भाग अधिक, वजन अधिक, आणि दांडे तारेवर घासण्याचा दोष असतो. म्हणून निवड परिणामावरून करावी. ब्रेकची परत-स्प्रिंग तुटल्यास जोडा घासत राहील व दोष लवकर ध्यानी येईल. तेथे ताण-स्प्रिंग योग्य. स्टँडची स्प्रिंग तुटल्यास चालत्या वाहनाचा स्टँड खाली येईल; म्हणून काही वाहनांत एकीच्या आत दुसरी अशा दोन स्प्रिंगा बसवितात. माणसाच्या डोक्यावर भार टांगावयाचा असेल, अथवा बालकाचा पाळणा अडकवावयाचा असेल, तेथे ओढदांड्याची रचना घ्यावी. आणि ताण-स्प्रिंगच वापरणे भाग असेल, तर तिच्या जोडीने किंचित सैल अशी भक्कम साखळी अवश्य बांधावी.

तारेच्या खरेदीविषयी एक सूचना आवश्यक आहे. तार भारतीय मानक ४४५४ प्रमाणे घ्यावी. गंज टाळण्यासाठी जस्ताचा विद्युत् मुलामा दिल्यास उच्च ताणबलाच्या पोलादात हायड्रोजन शिरून ठिसूळपणा येतो. म्हणून मुलाम्यानंतर लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअस तपमानावर काही तास भाजणे अनिवार्य होय. हा दोष डोळ्यांस दिसत नाही, व गणितातही येत नाही.

स्प्रिंगेच्या आराखड्यावर भार, लांबी व प्रतिबल यांचे आकडे लिहिले जातातच. त्यांच्याखाली ‘तुटल्यास काय होईल’ याची एक ओळ लिहिण्याचा परिपाठ विद्यार्थ्यांनी आतापासूनच ठेवावा. ती ओळ लिहिता येत नसेल, तर निवड अद्याप पुरी झाली नाही असे समजावे.