गॅस गीझरच्या धुराची वाट

हिवाळा सुरू झाला की बंद न्हाणीघरात गॅस गीझरमुळे कुणीतरी दगावल्याची बातमी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर येते. बातमी चार ओळींची असते आणि मृत्यूचे कारण म्हणून ‘गॅसगळती’ हा शब्द वापरून ती संपते. वास्तविक अशा पुष्कळशा घटनांत गळती झालेलीच नसते. सिलिंडर, रेग्युलेटर, नळी सारे ठाकठीक असते आणि गीझरही व्यवस्थित चालू असतो. जीव घेतो तो जळून गेलेल्या गॅसचा धूर. गीझर बसवताना गॅस आत आणणाऱ्या नळीची जेवढी काळजी घेतली जाते, त्याच्या निम्मीही या धुराला बाहेर नेणाऱ्या नळीची घेतली जात नाही.

पूर्वी पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब किंवा चुलाण परसदारी असे. बंबाच्या मधोमध धुराची नळी असे आणि धूर कोंडला तर डोळ्यांतून पाणी येऊन तो स्वतःची वर्दी देई. गॅसच्या धुराला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. गळती ओळखता यावी म्हणून घरगुती गॅसमध्ये मर्केप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते खरे, पण ज्योतीत गॅसबरोबर तेही जळून जाते. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे सारे ठीक आहे’ हा समज येथे घातक ठरतो.

ढोबळ हिशेब केला तरी धोक्याचा आवाका ध्यानात येतो. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर सुमारे १२ किलोवॉट उष्णता निर्माण करतो. स्वयंपाकाच्या शेगडीचे पाच-सहा बर्नर एकाच वेळी मोठे करून ठेवावेत तसे हे झाले. त्यासाठी मिनिटाला साधारण १६ ग्रॅम गॅस आणि जवळपास २०० लिटर हवा लागते. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच न्हाणीघरात सारी मिळून सुमारे ५,४०० लिटर हवा असते. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत गीझर तिच्यापैकी एकतृतीयांशाहून अधिक हवा वापरून मोकळा होतो. दाराच्या फटीतून थोडीफार हवा येत राहते, पण थंडीमुळे खिडकी लावलेली आणि फटीला टॉवेल लावलेला असेल तर तीही नाही. प्राणवायू कमी पडू लागला की गॅसचे ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो.

रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा हा वायू दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. साहजिकच हवेत तो अत्यल्प असला तरी रक्तात साचत जातो. आधी डोके जड होते, मळमळते, पायांतील बळ जाते. पित्त झाले असेल किंवा रक्तदाब उतरला असेल, असे वाटून माणूस आंघोळ उरकू पाहतो आणि दाराची कडी काढण्यापूर्वीच कोसळतो. काहींना झटके येतात आणि त्यांच्यावर अपस्माराचे उपचार सुरू होतात. भारतीय मज्जाविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांतून अशा रुग्णांची नोंद करताना ‘गॅस गीझर सिंड्रोम’ हे नावही वापरले आहे.

म्हणूनच गीझर आंघोळीच्या जागेत नसणे, हा यावरचा खरा उपाय होय. उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांतही बहुधा तसे बजावलेले असते, पण ती पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाते. गीझर उघड्या सज्जात किंवा बाहेरच्या भिंतीवर, पावसापासून आडोसा करून बसवावा आणि आत केवळ गरम पाण्याची नळी आणावी. दोन-चार फूट अधिक पाइपाचा खर्च वाचवण्यासाठी हे टाळले जाते. सदनिकांमध्ये तो डक्टमध्ये टांगण्याची पद्धत आहे. पण अरुंद डक्टमध्ये सोडलेला धूर वरच्या मजल्यावरील न्हाणीघराच्या खिडकीतून आत शिरू शकतो, याचा विचार सहसा कुणी करत नाही. धुराची नळी मोकळ्या हवेतच निघाली पाहिजे. नुसता एक्झॉस्ट पंखा बसवून भागते, हाही गैरसमजच. हवा आत येण्यास खालच्या बाजूला जाळी नसेल, तर पंखा धुराच्या नळीतूनच हवा ओढतो आणि बाहेर जाणारा धूर उलटा आत येतो.

गॅसच्या जोडणीतही एक गफलत वारंवार होते. सिलिंडरचा गॅस घरगुती रेग्युलेटरमधून सुमारे ३० मिलिबार दाबाने येतो, तर पाइपचा नैसर्गिक गॅस २१ मिलिबारने. एवढ्याच आकारमानाच्या नैसर्गिक गॅसमधून निम्म्याहून कमी उष्णता मिळते, त्यामुळे त्याच्या बर्नरची छिद्रे मोठी असतात. असा गीझर घर बदलल्यावर सिलिंडरला जोडला तर प्रमाणाबाहेर गॅस सुटतो, ज्योत निळी न राहता पिवळी होते, काजळी धरते आणि विषारी वायूचे प्रमाण वाढते. रबरी नळीला मध्येच तिकाटणे लावून शेगडी आणि गीझर एकाच नळीवर चालवणेही तितकेच अयोग्य. नळी सुरक्षा प्रकारची, दीड मीटरहून आखूड आणि अखंड असावी. भिंतीतून नेऊ नये आणि पाच वर्षांनी बदलावी. सांधा तपासायचा तो साबणाच्या फेसाने, काडी ओढून नव्हे.

वीज या साऱ्यात दुय्यम वाटते, कारण बहुतेक गॅस गीझर दोन लहान सेलांवर पेटतात. मात्र धूर बाहेर फेकणारा पंखा ज्यात बसवलेला असतो, त्या गीझरला २३० व्होल्टची जोडणी लागते. पाणी, गॅस आणि वीज ही तिन्ही कामे एकाच प्लंबरकडून उरकून घेण्याची आपल्याकडील रीत येथे महागात पडू शकते. विजेचे काम परवानाधारक तारतंत्र्याचे. तीन पिनांचे, अर्थिंग असलेले स्वतंत्र सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी हवाच. गॅसच्या धातूच्या पाइपाला अर्थिंगची तार बांधण्याची युक्ती तर कदापि करू नये.

प्रत्यक्ष गळतीचा वास आल्यास मात्र बटणाला हातच लावू नये, दिवा लावण्यासाठी नाही आणि विझवण्यासाठीही नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, नैसर्गिक गॅस हलका असल्याने छताकडे जातो. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर पडून १९०६ हा सिलिंडर-गॅससाठीचा आपत्कालीन क्रमांक फिरवावा. पाइपचा गॅस असेल तर पुरवठादार कंपनीचा क्रमांक देयकावर छापलेला असतो.

न्हाणीघरातून हाकेला ओ येत नसेल तर वाट पाहत न बसता आधी बाहेरून गॅस बंद करावा, दार तोडावे आणि माणसाला मोकळ्या हवेत आणावे. रुग्णालयात नेताच ‘गॅस गीझर चालू होता’ हे डॉक्टरांना सांगावे. करोनाकाळापासून घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर येथे विसंबता येत नाही; कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या रक्तालाही तो प्राणवायूयुक्त समजतो आणि ९८ हा आकडा दाखवत राहतो. रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते आणि शुद्ध प्राणवायू ताबडतोब सुरू करावा लागतो. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर सुमारे तास-दीड तास.