सर, ड्राफ्ट मी आणलाय

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की माझा फोन जरा जास्त वाजायला लागतो. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो त्याला काही वर्षं झाली, पण जुनी मुलं विसरत नाहीत. आधी तब्येतीची चौकशी होते, मग 'मॅडम कशा आहेत' होतं, मग थोडी शांतता, आणि मग मूळ मुद्दा : 'सर, एक एलओआर हवं होतं.' एलओआर म्हणजे शिफारसपत्र. अमेरिकेतल्या विद्यापीठात एम. एस. किंवा पीएच. डी.साठी अर्ज करायचा तर अशी बहुधा तीन लागतात.

गेल्या वर्षी एक मुलगी थेट घरीच आली. एम. एस्सी.ला माझ्या हाताखाली प्रोजेक्ट केलेली, मग दोन वर्षं एका औषध कंपनीत नोकरी केलेली. आता पीएच. डी.साठी आठ विद्यापीठांत अर्ज करणार होती. चहा होईपर्यंत तिनं लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे वळवला. 'सर, ड्राफ्ट मी आणलाय. तुम्ही फक्त अपलोड करा.'

मी वाचलं. त्यात मी तिला चार वर्षं ओळखत होतो (खरं तर दोन), ती कष्टाळू होती, वक्तशीर होती, तिच्यात नेतृत्वगुण होते, आणि तिला प्रवेश दिल्यास ती आपल्या संस्थेची शान वाढवील याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हटलं, 'यातलं नाव बदललं तर हे पत्र तुझ्या वर्गातल्या कुणालाही चालेल.' ती ओशाळली. 'कन्सल्टन्सीवाल्यांनी टेम्प्लेट दिलंय, सर. बाकीचे दोन सर यावरच सही करतायत.'

दोष तिचा नाही. आपल्याकडे शिफारसपत्राचा मूळपुरुष म्हणजे चारित्र्याचा दाखला. 'सदर विद्यार्थ्यास मी गेली अमुक वर्षे व्यक्तिशः ओळखतो. त्याची वर्तणूक माझ्या माहितीप्रमाणे चांगली आहे.' खाली सही, गोल शिक्का. त्या कागदानं कुणाचं कधी अडलं नाही, कारण तो कुणी कधी वाचलाच नाही. फाइलला लावायचा, झालं. तिकडे मात्र पीएच. डी.चा अर्ज कारकून निकाली काढत नाही. त्या त्या विभागातले प्राध्यापक समिती करून बसतात आणि पुढली पाच-सहा वर्षं कुणाला आपल्या प्रयोगशाळेत उभं करायचं, कुणाच्या विद्यावेतनाचा भार उचलायचा, हे ठरवतात. साहजिकच 'हा मुलगा कसा आहे' हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं.

जुन्या अर्जांचे कागद मी गेली काही वर्षं हौसेनं वाचतो आहे. त्यातला एक १८८३चा. आनंदीबाई जोशी तेव्हा १८ वर्षांच्या, नुकत्याच अमेरिकेत पोचलेल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेलला कार्पेंटरबाईंकडे उतरलेल्या. त्या ओळखीचं मूळही एका पत्रातच होतं. पती गोपाळरावांनी कोल्हापुराहून एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं, त्यानं ते आपल्या मासिकात छापलं, आणि दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या ते नजरेला पडलं. २८ जून १८८३ रोजी आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या आल्फ्रेड जोन्स यांना प्रवेशासाठी पत्र लिहिलं. आजच्या भाषेत एसओपी, स्टेटमेंट ऑफ पर्पज.

आजच्या एसओपीची सुरुवात 'लहानपणापासूनच मला विज्ञानाचं कुतूहल होतं' अशी असते. आनंदीबाई तसल्या फंदात पडत नाहीत. आपली तयारी तुमच्या अटींना सगळीकडे पुरी पडणार नाही हे त्या आधीच सांगून टाकतात. मग म्हणतात, आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी इथवर आले, त्या निश्चयाचं काही वजन धरा. आणि कारण एकच देतात : माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात. काय येतं, काय येत नाही, कशासाठी आले, इतकंच. मार्च १८८६मध्ये त्यांना पदवी मिळाली. हा वैद्यकीचा प्रवेश होता, आज ज्याला ग्रॅज्युएट स्कूल म्हणतात त्यातला नव्हे, हे मान्य. पण मुलांना नमुना द्यायचा झाला तर मी हाच देतो.

दुसरे कागद डॉ. आंबेडकरांचे. एल्फिन्स्टनचे पदवीधर भीमराव जुलै १९१३मध्ये न्यूयॉर्कला पोचले. सयाजीराव गायकवाडांची बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. कोलंबियात १९१५ला एम. ए., पुढं पीएच. डी.चा प्रबंध. तिथून १९१६मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला निघाले तेव्हा त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिगमन यांनी लंडनच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहिलं. सेलिगमन सार्वजनिक अर्थव्यवहारातलं त्या काळातलं मोठं नाव. एका मोठ्या अर्थशास्त्रज्ञानं दुसऱ्याला 'या विद्यार्थ्याकडे लक्ष द्या' असं कळवणं म्हणजे तेव्हाचा अर्धा प्रवेश होता.

पुढची गंमत अशी. त्याच नोव्हेंबरात फॉक्सवेल यांनी लंडन स्कूलच्या सचिवबाईंना कळवलं की या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच घेतलेली आहे, ते इथं फक्त संशोधनाला आलेत, हे मी विसरलो होतो. त्यांनी जिंकावं असं नवं जग आता आमच्यापाशी उरलेलं नाही. प्राध्यापक विसरतात, हे त्या काळापासूनचं आहे. प्रत्यक्षात जिंकायचं बरंच शिल्लक होतं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७मध्ये आंबेडकरांना अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. विद्यापीठानं चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. ती मुदत सांभाळून १९२०ला ते लंडनला गेले, १९२१ला एम. एस्सी. आणि १९२३ला डी. एस्सी. झाले. कोलंबियाची पीएच. डी. हातात यायला तर १९२७ उजाडलं, कारण तिथं प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. तो १९२५ला पुस्तकरूपानं निघाला, त्याला प्रस्तावना सेलिगमन यांचीच. १९१६चं पत्र आणि ही प्रस्तावना, मधे नऊ वर्षं. विद्यार्थ्याला ओळखणं म्हणतात ते हे.

तिसरी हकीकत अर्ज फेटाळल्याची. १९३३मध्ये कमला भागवत, पुढं सोहोनी, मुंबई विद्यापीठात बी. एस्सी.ला पहिल्या आल्या. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. वडील आणि काका दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे, सुरुवातीच्या काळातले विद्यार्थी. कमलाबाईंनी तिथंच अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन, तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालेले. त्यांनी नाही म्हटलं. गुण कमी पडले नव्हते, ती मुलगी होती म्हणून. वडील आणि काकांनी रदबदली केली, उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगलोरला जाऊन रामन यांच्यापुढं उभ्या राहिल्या, कारण सांगा म्हणाल्या, आणि हटल्या नाहीत. ते गांधींचे दिवस होते, या हटून बसण्याला त्यांनी सत्याग्रहच म्हटलं. शेवटी एका वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला : वर्षभराच्या कामाबद्दल संचालकांची खात्री पटली तरच ते धरलं जाईल. खात्री पटली. त्यानंतर संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं.

पुढं केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन असतं हे दाखवलं आणि १९३९मध्ये पीएच. डी. मिळवली. प्रबंध अवघा ४० पानांचा. माझ्या काही विद्यार्थ्यांची नुसती ऋणनिर्देशाची पानंच तेवढी भरली असती.

आता आजचं. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, त्यातले बहुसंख्य पदव्युत्तर. या गर्दीसाठी एक अख्खा धंदा उभा राहिला आहे. पुण्यात, नाशकात, साताऱ्यातसुद्धा 'स्टडी ॲब्रॉड'चे फलक दिसतात. तिथली भाषा निराळी. विद्यापीठं 'सेफ', 'मॉडरेट' आणि 'अँबिशियस' अशी वाटून घ्यायची. प्रवेश मिळाला म्हणायचं नाही, 'अॅडमिट आला' म्हणायचं. जीआरई ही प्रवेशपरीक्षा पूर्वी पावणेचार तासांची होती, सप्टेंबर २०२३पासून दोन तासांच्या आत उरकते, आणि बऱ्याच विभागांनी ती मागणंच सोडलं आहे. परीक्षेचं वजन घटलं की तेवढं वजन पत्रांवर येतं, हे मात्र कन्सल्टन्सीच्या फलकावर लिहिलेलं नसतं.

गुणपत्रिकेचं एक दुखणं आहे. आमच्या वेळी विद्यापीठात ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, घरी पेढे. तिकडे शंभरातले साठ म्हणजे काठावर, कधी नापासही. म्हणून ट्रान्स्क्रिप्टसोबत आपली श्रेणीपद्धत जोडावी लागते, आणि हुशार मुलगा तोच मानायचा जो हे आठवणीनं जोडतो. तीन वर्षांची बी. एस्सी. कित्येक विद्यापीठं त्यांच्या चार वर्षांच्या पदवीच्या तोलाची मानत नाहीत. इंजिनिअरिंगवाले त्यातून सुटतात, आमची विज्ञानाची मुलं अडकतात आणि एम. एस्सी. करून मग निघतात. सीलबंद ट्रान्स्क्रिप्टसाठी एका विद्यापीठाच्या खिडकीवर मी स्वतः एका विद्यार्थ्याबरोबर तीन खेटे घातले आहेत. पहिल्यांदा चलन चुकीच्या खात्यात भरलं होतं, दुसऱ्यांदा सही करणारे साहेब रजेवर, तिसऱ्यांदा लिफाफे संपलेले. लिफाफे आम्ही समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणून दिले.

पैशाचा हिशेब थोडक्यात. एका अर्जाची फी साधारण ७५ ते १०० डॉलर, म्हणजे आठ अर्जांत मध्यमवर्गीय बापाचा महिन्याचा पगार हलतो. एम. एस. बहुतेक स्वखर्चानं, म्हणजे घर तारण ठेवून. पीएच. डी.ला मात्र विज्ञान शाखांत सहसा फी माफ आणि वर विद्यावेतन, बदल्यात शिकवायचं किंवा प्रयोगशाळेत राबायचं. हे आपल्याकडच्या पालकांना पटवताना घशाला कोरड पडते. 'पीएच. डी. फुकट आणि एम. एस.ला चाळीस लाख? काहीतरी गडबड आहे, सर.'

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. केंद्राचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२२मध्ये केंद्रानं तिच्या नियमांत एक कलम घातलं : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन परदेशी जाता येणार नाही. आंबेडकरांचा एम. ए.चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता, आणि मे १९१६मध्ये कोलंबियाच्या परिसंवादात त्यांनी वाचलेला निबंध भारतातल्या जातींवर. सयाजीरावांच्या करारात असलं कलम नव्हतं, हे आपलं नशीब.

तर पुन्हा त्या मुलीकडे. विद्यापीठाच्या पोर्टलवरून मला दुवा आला. आधी प्रश्न : तुमचा ईमेल संस्थेचा आहे का? माझा जीमेल. निवृत्त माणसाचा पत्ता कॉलेजनं बंद केला, त्याला मी काय करणार? मग एक तक्ता. बौद्धिक क्षमता, लेखन, चिकाटी, प्रामाणिकपणा. आणि प्रत्येकापुढं खुणेची चौकट : तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांत पहिल्या २ टक्क्यांत, ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत, २५ टक्क्यांत. आमचे एक सहकारी सरसकट '२ टक्के' ठोकायचे. एका वर्षी त्यांनी एकाच वर्गातल्या अकरा मुलांना २ टक्क्यांत बसवलं होतं. वर्ग चाळीसचा.

खाली एक ओळ होती : विद्यार्थिनीनं हे पत्र वाचण्याचा आपला हक्क सोडून दिला आहे. अमेरिकेत १९७४च्या कायद्यानं विद्यार्थ्याला स्वतःची कागदपत्रं पाहायचा अधिकार मिळाला. म्हणून अर्जातच तो सोडून देता का असं विचारतात, आणि शहाणी मुलं सोडतात. मला ती ओळ आवडली. पत्रात काय लिहायचं हे आता फक्त माझ्यावर होतं, टेम्प्लेटवर नाही.

रात्री मी तिचा प्रोजेक्ट आठवत बसलो. एके दिवशी तिच्या संयुगाचा उतारा ११२ टक्के आला होता. जितकं तयार होऊ शकतं त्याहून जास्त. अशा वेळी बहुतेक मुलं जर्नलमध्ये ८४ लिहून मोकळी होतात, मीही विद्यार्थी असताना एकदा लिहिले होते. तिनं ११२च लिहिले, पुढं प्रश्नचिन्ह काढलं, पदार्थ दोन दिवस ओल शोषणाऱ्या डेसिकेटरमध्ये ठेवला आणि पुन्हा वजन केलं. ७१ भरलं. उरलेलं सगळं पाणी होतं. तिनं दोन्ही आकडे तारखेसकट ठेवले, काही खोडलं नाही. मी एवढंच लिहिलं, आणि कुठं ती कमी पडते तेही : चारचौघांत प्रश्न विचारायला कचरते, मग संध्याकाळी एकटी येऊन विचारते. प्रामाणिकपणापुढं २ टक्क्यांवर खूण केली. लेखनापुढं २५वर, कारण तो ड्राफ्ट मी वाचला होता.

मार्चमध्ये तिचा फोन आला. आठांपैकी पाच रिजेक्ट, एक वेटलिस्ट, दोन अॅडमिट, त्यातल्या एका ठिकाणी विद्यावेतनासह. १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं होतं. बरंच बोलून झाल्यावर तिनं विचारलं, 'सर, काय लिहिलं होतं तुम्ही?'

'ते सांगायचं नसतं.'

'नका सांगू. एवढंच सांगा, टेम्प्लेटमधलं काही ठेवलं होतं का?'

'ठेवलं की,' मी म्हटलं. 'तुझं नाव.'