बँक म्हणते ‘आधार सीड नाही’, म्हणजे नेमकं काय?

परभणीपासून गंगाखेडपर्यंत कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा, सोयाबीनच्या पिशवीवर ‘सीड’ हा शब्द दिसतोच. सीड म्हणजे बी. पण हाच शब्द बँकेत ऐकला की भलेभले गोंधळतात. अनुदान अडकतं ते बऱ्याचदा अशाच शब्दांमुळे. असे चार शब्द समजून घेऊया.

लिंक : म्हणजे जोडणं. तुमचा आधार क्रमांक बँकेच्या नोंदीत तुमच्या खात्याला जोडलेला आहे, एवढाच याचा अर्थ. एक आधार अनेक खात्यांना लिंक असू शकतो.

सीडिंग : म्हणजे पेरणी. सरकारी पैसे कोणत्या बँकेत जायचे, याची नोंद एनपीसीआय ही संस्था ठेवते. त्या नोंदीत एका आधारापुढे एकाच बँकेचं नाव असतं. समजा, तुमचं एक खातं जिंतूरला आणि दुसरं परभणीला, वेगळ्या बँकेत आहे. आधार दोन्हीकडे लिंक आहे, पण सीडिंग परभणीच्या बँकेत झालंय. मग पैसे परभणीलाच येणार. जिंतूरचं पासबुक कितीही वेळा भरून आणलं तरी ते दिसणार नाहीत.

डीबीटी : थेट लाभ हस्तांतरण. मधल्या माणसाशिवाय थेट खात्यात येणारे पैसे. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांत असेच येतात.

केवायसी : ‘आपला ग्राहक ओळखा’ या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. थोडक्यात, ओळख पटवणं. आधार सीड असलं तरी पीएम किसानसाठी ई-केवायसी वेगळी करावी लागते. एक झालं म्हणजे दुसरं झालं, असं नाही.

मग बँकेत काय विचारायचं?

“आधार लिंक आहे का?” एवढंच विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ आलं तरी पैसे दुसरीकडे जाऊ शकतात. “डीबीटीसाठी माझं आधार याच बँकेत सीड आहे का?” असं विचारा. ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्येही बँकेचं नाव दिसतं. तिथे आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो स्वतःच टाका. फोनवरून कुणी मागितला, तर सांगू नका.

घरात कुणाचं अनुदान अडकलं असेल, तर आधी हा एक प्रश्न विचारून पाहा.