तुडतुड्यानं चाखलेला चहा

तुडतुडा म्हणजे काय, हे कोकणातल्या आंबा बागायतदाराला किंवा विदर्भातल्या कापूस उत्पादकाला सांगावं लागत नाही. मोहोरावर किंवा पानाखाली तो दिसला की फवारणीचा पंप पाठीवर चढतो. तैवानच्या वायव्य भागात, शिनचू परगण्यातल्या बेइपू आणि अमेई या डोंगरपायथ्याच्या गावांत मात्र हक्का समाजाचे शेतकरी दर जूनमध्ये त्याच कुळातल्या एका तुडतुड्याची वाट पाहतात. तो आला नाही, तर त्यांचा सगळ्यांत मोलाचा चहा होतच नाही.

हा चहा जगभर ‘ओरिएंटल ब्यूटी’ या नावानं ओळखला जातो. चिनी भाषेत त्याला दोंगफांग मेइरेन म्हणतात. तो उलाँग प्रकारचा, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला, पण उलाँगांमध्ये जवळजवळ काळ्याच्या टोकाला जाऊन बसलेला.

तुडतुडा पोपटी रंगाचा आणि जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो. तो कोवळ्या कळीतला आणि पानातला रस शोषतो. पान पिवळं पडतं, कडा आकसतात, वाढ खुंटते. या हल्ल्याला झाड आपल्या रसायनशास्त्रानं उत्तर देतं आणि पानात काही सुगंधी द्रव्यं तयार होऊ लागतात. त्यांतलं होट्रिएनॉल हे सर्वांत महत्त्वाचं. मध आणि पिकल्या फळांची आठवण करून देणारा या चहाचा वास मुख्यतः त्यातून येतो. अशी द्रव्यं सोडून वनस्पती अनेकदा किडीच्या शत्रूंनाच खुणावत असतात. माणसाला त्यात गोडवा सापडला, हा आपला लाभ.

म्हणून या मळ्यांत हंगामाच्या काळात कीटकनाशक मारता येत नाही. सेंद्रिय शेतीचा पुरस्कार म्हणून कुणी हे सुरू केलं नव्हतं. विष मारलं की तुडतुडा जातो आणि त्याच्याबरोबर चवही जाते, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. याची किंमतही शेतकरीच मोजतो, कारण चावलेल्या झाडाचं उत्पन्न घटतं. खुडणी हातानंच करावी लागते. खुडणारीला नुसती कळी आणि दोन पानं पाहून चालत नाही, त्यावर तुडतुड्याची खूण आहे का हेही पाहावं लागतं.

पुढचं काम कारखान्यात होतं आणि खरं कसब तिथेच लागतं. पानं आधी उन्हात, मग सावलीत कोमेजू देतात. सावलीत ती बांबूच्या सुपांवर पसरून पुन्हा पुन्हा हातानं हलवतात. त्यामुळे कडा दुखावतात, पेशींतली पॉलिफिनॉल्स आणि त्यांवर काम करणारी विकरं एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि पान तांबूस होऊ लागतं. चिरलेलं वांगं काळं पडतं ते याच क्रियेनं. वेनशान बाओझोंगसारख्या हलक्या उलाँगात हे ऑक्सिडेशन १०-१५ टक्क्यांच्या आसपास थांबवतात. इथे ते ६०-७० टक्क्यांपर्यंत, कधी त्याही पुढे नेतात. कुठे थांबायचं हे कारागीर वासावरून ठरवतो. हिरवा उग्रपणा गेला आणि फळाचा गोडवा उठला, की तापल्या कढईत पानं परतून विकरांचं काम बंद पाडतात. परतलेल्या कळ्या ठिसूळ होतात, म्हणून त्या ओलसर कापडात गुंडाळून काही वेळ ठेवतात आणि मऊ झाल्यावरच वळतात. हा टप्पा इतर उलाँगांत सहसा दिसत नाही. वाळलेल्या चहात पांढरा, हिरवा, पिवळा, तांबडा आणि तपकिरी असे पाच रंग ओळखू येतात. विकत घेताना हेच पाहा. सगळा चहा एकसारखा काळपट असेल आणि पांढऱ्या लवेच्या कळ्या दिसतच नसतील, तर नाव काहीही असो, पैसे जपून घाला.

तैवानचा उलाँग जगाच्या बाजारात नेण्याचं श्रेय जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्याला आणि त्याचा सहकारी ली चुनशेंग याला जातं. १८६९ मध्ये त्यांनी दोन शिडाच्या जहाजांतून २,१३१ पिकल, म्हणजे सुमारे १ लाख २८ हजार किलो चहा थेट न्यूयॉर्कला पाठवला. ओरिएंटल ब्यूटीला इंग्लंडच्या राणीनं नाव दिलं, ही गोष्ट मात्र दंतकथाच समजावी. कुणी त्यात व्हिक्टोरिया राणी सांगतं, कुणी एलिझाबेथ. मला गावातली कथा अधिक आवडते. किडीनं खाल्लेल्या पानांचा चहा एका शेतकऱ्यानं शहरात नेला, भरघोस दाम घेऊन आला, आणि गावानं त्याला फुशारकी मारणारा ठरवलं. बेइपूत आजही या चहाला ‘फुशारकीचा चहा’ म्हणतात.

आता करायचा कसा ते. आपला रोजचा दाणेदार सीटीसी चहा उकळण्यासाठी आणि दुधासाठीच बनलेला आहे. हा तसा नाही. पाच ग्रॅम चहा आणि साधारण १५० मिलिलिटर पाणी घ्या. पानं लांब आणि फुगीर असतात, चमच्याचा अंदाज हमखास चुकतो, तेव्हा छोटा वजनकाटा वापरणं बरं. पाणी ८५ ते ९० अंशांचं हवं. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी झाकण काढून दोन-तीन मिनिटं थांबू द्या. चिनी मातीचं झाकणाचं भांडं उत्तम, काचेचंही चालेल. पहिलं पाणी पाऊण ते एक मिनिटानं पूर्ण गाळून घ्या, पानांवर थेंबभरही राहू देऊ नका. दुसरं थोडं कमी वेळ ठेवा, पुढे वेळ वाढवत न्या. चांगली पानं चार-पाच पाणी सहज देतात. तैवानमधल्या स्पर्धांत परीक्षक तीन ग्रॅम चहावर १५० मिलिलिटर उकळतं पाणी ओतून पाच-सहा मिनिटं ठेवतात, पण त्यांचा हेतू दोष उघडे पाडण्याचा असतो. घरी तसं करायची गरज नाही.

पाण्याकडे दुर्लक्ष करू नका. क्षारयुक्त बोअरच्या पाण्यात चहाचा रंग मळतो, वर साय धरते आणि वास दबतो. अशा ठिकाणी कमी क्षारांचं फिल्टरचं पाणी घ्या. चहा मसाल्याच्या डब्यापासून लांब, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तो शेजारचा वास लगेच उचलतो.

चाखताना घाई नको. गरम केलेल्या कोरड्या भांड्यात पानं टाकून आधी त्यांचा वास घ्या, मग पाणी ओतल्यावर झाकणाचा. रंग केशरी-अंबरी असतो. घोट घेताना मोठ्यानं भुरका मारा. घरातल्या मोठ्यांनी लहानपणी त्यावरून रागावलं असेल, पण जगभरचे व्यावसायिक चहा-परीक्षक तेच करतात, कारण हवेबरोबर सुगंध घशामागून नाकात चढतो. आधी मधाचा भास होतो, मग पिकल्या पीचचा किंवा द्राक्षाचा, आणि शेवटी हलकासा लाकडी स्वाद रेंगाळतो. तुरटपणा फार कमी असतो. चहा थोडा निवला की गोडवा वाढतो. कप रिकामा झाल्यावर त्याचा तळ हुंगा, मधाचा वास तिथे सर्वांत स्पष्ट मिळतो. मे महिन्यात पाच ग्रॅम पानं अर्धा लिटर गार पाण्यात टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यासाठी मला याहून चांगलं पेय माहीत नाही.

अस्सल ओरिएंटल ब्यूटी महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. पण त्याचा एक सख्खा नातलग भारतातच आहे. दार्जिलिंगच्या मे-जूनमधल्या सेकंड फ्लशला, म्हणजे दुसऱ्या बहराच्या चहाला, जो मस्कटेल द्राक्षांचा सुगंध येतो, त्यामागेही तुडतुड्यांचा चावा आहे आणि त्या चहातही होट्रिएनॉल सापडतं. म्हणून सुरुवात तिथूनच करा. चांगल्या मळ्याचा सेकंड फ्लश पन्नास ग्रॅम आणा आणि पहिला कप तरी दूध-साखर न घालता प्या.