पहिली रायफल आणि तिच्या नळीचें माप

आपल्या अंगकाठीस बेतलेली रायफल घडवून घेण्याची इच्छा ज्याला होते, त्याच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो नळीच्या मापाचा. दस्ता कोणत्या लांकडाचा असावा, दुर्बीण लावावी कीं नुसती माशी ठेवावी, हे प्रश्न मागाहूनही सोडवितां येतात. पण नळीचें माप एकदां ठरलें म्हणजे बोल्टची लांबी, काडतुसांच्या पेटीचा आकार, खांद्याला बसणारा धक्का आणि पुढें वर्षानुवर्षें काडतुसें कोठून मिळावयाचीं, हें सारें त्याबरोबर ठरून जातें. परदेशी ग्रंथांत या प्रश्नाचें उत्तर बहुधा शिकारीच्या जनावरावरून दिलेलें असतें. आपल्या देशांत तें तसें देतां येत नाहीं. येथें कायदा, उपयोग आणि चालविणाऱ्याचा खांदा या तीन गोष्टींचा विचार करावा लागतो, आणि तोही याच क्रमानें.

हिंगोली जिल्ह्याचेंच उदाहरण घ्यावें. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या मुख्य गांवीं एके काळीं हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. आज तेथें राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आहे. बंदुकीची ओळख या गांवाला नवी नाहीं. कयाधूच्या कांठच्या शेतकऱ्याला तूर, हरभरा, ज्वारी यांत शिरणाऱ्या रानडुकरांचा जाच असतो. शाळा-कॉलेजांतील मुलामुलींना ऑलिंपिकमधील नेमबाजीचें आकर्षण वाटतें. आणि पलटणींतून निवृत्त होऊन आलेल्या शिपायाला आपल्या सवयीचें हत्यार जवळ असावें असें वाटतें. ‘किती बोअरची घ्यावी?’ हा तिघांचाही प्रश्न एकच. परंतु तिघांचीं उत्तरें मात्र निरनिराळीं आहेत.

प्रथम माप म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. गांवोगांवीं आढळणारी बारा बोअरची बंदूक ही आंतून गुळगुळीत असते. तिच्या नळींत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचें वजन एक पौंड भरतें, म्हणून ती बारा बोअर. तिचा व्यास सुमारें साडेअठरा मिलिमीटर असतो. या पद्धतींत आंकडा वाढला कीं नळी बारीक होते. रायफलीची गोष्ट वेगळी. तिच्या नळीच्या आंतून मळसूत्रासारखे आटे काढलेले असतात आणि त्यांच्या योगानें गोळी स्वतःभोंवतीं फिरत बाहेर पडते. फिरता भोंवरा जसा तोल सांभाळतो, तशीच फिरती गोळी आपली दिशा सांभाळते. या रायफलीचें माप इंचाच्या अंशांत किंवा मिलिमीटरांत सांगतात. .२२ म्हणजे इंचाच्या शंभर भागांपैकीं बावीस भाग, म्हणजे साधारण साडेपांच मिलिमीटर.

मात्र केवळ नांवावर भिस्त ठेवतां येत नाहीं. .३०३ रायफलीची गोळी प्रत्यक्षांत .३११ इंच जाडीची असते, कारण नांव दिलें आहे तें आट्यांच्या उंचवट्यांमधील अंतरावरून. .३०-०६ या नांवांतील ‘०६’ हा आंकडा मापाचा नसून १९०६ या सालाचा आहे. त्या वर्षीं अमेरिकेच्या सैन्यानें तें काडतूस स्वीकारलें. ७×५७ या नांवांत सात मिलिमीटर हें नळीचें माप आणि सत्तावन्न मिलिमीटर ही पितळी नळकांड्याची लांबी. म्हणून माप निवडणें याचा खरा अर्थ काडतूस निवडणें असा आहे. गोळीची जाडी सारखी असूनही नळकांडें वेगळें असेल, तर तीं दोन काडतुसें परस्परांच्या रायफलींत चालत नाहींत. तसा प्रयत्न करणाऱ्याच्या हातांत नळी फुटण्याचें भय असतें.

गोळीचें वजन ‘ग्रेन’ या परिमाणानें मोजतात. आपल्याकडील मनुष्यास तें समजण्यास सोपें आहे, कारण इंग्रजी अमदानींत ठरलेला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता. .२२ ची नेहमीची गोळी ४० ग्रेनांची, म्हणजे पाव तोळ्याहूनही हलकी. .३०-०६ ची १८० ग्रेनी गोळी म्हणजे नेमका एक तोळा. .३१५ ची २४४ ग्रेनी गोळी सव्वा तोळ्याच्या वर जाते, आणि हत्ती-गव्यांसाठीं निघालेल्या .३७५ ची ३०० ग्रेनी गोळी पावणेदोन तोळ्यांच्या जवळ पोंचते.

आतां कायदा. आपल्या देशांतील मापांचा आजचा विचित्र विभाग समजण्यास थोडा इतिहास पाहावा लागतो. ब्रिटिश सैन्यानें १८८८ सालीं .३०३ काडतूस स्वीकारलें. सैन्याचें काडतूस प्रजेच्या बंदुकींत चालूं नये, म्हणजे चोरलेला दारूगोळा सरकारवर उलटणार नाहीं, असें राज्यकर्त्यांचें धोरण होतें. याच धोरणानें १९०७ च्या सुमारास .४५० मापाच्या रायफली हिंदुस्थानांत आणण्यास बंदी झाली, आणि विलायतेंतील कारखानदारांनीं .४७० सारखीं नवीं मापें काढून तिच्यांतून वाट शोधली. .३१५ हें मापही याच रीतीनें रूढ झालें. मूळ ऑस्ट्रियाच्या सैन्याचें आठ मिलिमीटर काडतूस. पण तें इंग्रज सैन्याचें नव्हतें, म्हणून खाजगी हातांत द्यावयास हरकत नव्हती. बंगालमधील इशापूर येथील सरकारी कारखान्यानें ली-एनफिल्ड धर्तीच्या बोल्टवर .३१५ ची रायफल तयार केली, आणि परवानाधारकांच्या घरीं ती सर्वत्र दिसूं लागली.

राज्य गेलें, पण हा विभाग टिकला. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. त्याखालील नियमांप्रमाणें .३०३ व ७.६२ मिलिमीटर या मापांचीं लष्करी काडतुसें ज्यांत बसून उडूं शकतात, त्या रायफली प्रतिबंधित आहेत. केंद्र सरकारच्या खास अधिकारपत्रावांचून त्या कोणासही ठेवतां येत नाहींत. परदेशांत पहिल्या रायफलीसाठीं .३०८ हें १९५२ सालचें काडतूस अनेक जण सुचवितात. पण त्याची ठेवण लष्करी ७.६२ सारखीच असल्यामुळें येथें तें यादींतून आधींच वगळलें पाहिजे. .३०-०६ ची गोळी त्याच जाडीची. मात्र तिचें नळकांडें ५१ ऐवजीं ६३ मिलिमीटर लांब असतें, म्हणून ती अप्रतिबंधित वर्गांत राहते. .२२, .३१५, सात मिलिमीटर मॉझर आणि .३७५ हींही त्याच वर्गांतील होत.

येथें आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रायफल ‘घडवून घेणें’ याचा अर्थ घरीं किंवा गांवच्या लोहाराकडे ती तयार करणें असा कदापि नव्हे. परवान्यावांचून बंदूक अथवा काडतूस तयार करणें हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची व कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. त्याच दुरुस्तीनें एका व्यक्तीस जास्तींत जास्त दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें केली. म्हणून जिल्हा दंडाधिकाऱ्याचा परवाना हातीं येईपर्यंत कोणत्याही सामानासाठीं पैसा गुंतवूं नये, आणि काम द्यावयाचें तें परवानाधारक कारागिरालाच द्यावें.

कायद्याची चाळणी झाली म्हणजे उपयोगाचा विचार. शेतकऱ्याचें उत्तर कित्येकांस अनपेक्षित वाटेल: त्याला रायफल नकोच. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठीं अधिनियमानें ठासणीची बंदूक सांगितली आहे, आणि ती पुरेशी नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देतां येते. यामागें शहाणपण आहे. .३०-०६ ची गोळी नेम चुकून वर गेली तर तीन-चार किलोमीटरांच्याही पलीकडे जाऊं शकते, लहानशी.२२ देखील दीड किलोमीटरपर्यंत जाते. हिंगोलीच्या मोकळ्या माळरानावर गोळी अडविणारा डोंगर क्वचितच असतो. रात्रीं पिकांत हालचाल दिसते. तें डुक्कर असेल, आणि पलीकडच्या मचाणावर जागणारा शेजारीही असेल. छर्‍याची धांव कांहीं शें मीटरांत संपते. रायफलीच्या गोळीची संपत नाहीं. शिवाय रानडुक्कर मारण्याची मोकळीक बंदुकीच्या परवान्यानें मिळत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें त्यासाठीं वनखात्याच्या अधिकाऱ्याची स्वतंत्र लेखी परवानगी लागते. ‘डुकरासाठीं किती बोअर?’ या प्रश्नांतून पुष्कळदां दोन्ही परवानग्यांचें विस्मरण झालेलें दिसतें.

नेमबाजी शिकणाऱ्या तरुणाचें उत्तर निःसंशय .२२ हेंच आहे. हें काडतूस १८८७ सालापासून प्रचारांत आहे. तें स्वस्त असतें, त्याचा आवाज बेताचा असतो आणि नळी अतिशय टिकते. जगांतील अत्यंत चुरशीच्या स्पर्धा याच मापावर होतात. पन्नास मीटरांवरील लक्ष्याचें दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढें. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिच येथील जागतिक स्पर्धेंत निजून मारण्याच्या प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें तीन आसनांच्या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. दोघांचींही पदकें या पाव तोळ्याच्या गोळीचीं आहेत. लहान माप म्हणजे पोरखेळ, ही समजूत त्यांनीं कायमची खोडून काढली आहे.

लहान मापाच्या बाजूनें दुसरें कारण खांद्याचें. गोळी जितक्या जोरानें पुढें जाते तितक्याच जोरानें रायफल मागें येते. वजन आणि वेग यांचा गुणाकार केला, तर .३०-०६ च्या एक तोळा गोळीचा धक्का .२२ च्या सुमारें अकरा पट भरतो, आणि जळणाऱ्या दारूचा धक्का त्याहून निराळा. नवशिक्याच्या शरीराला हा धक्का लक्षांत राहतो. पुढच्या वेळीं चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि नेम ढळतो. ही खोड एकदां लागली म्हणजे ती मोडण्यास महिने लागतात. ज्याचा हात .२२ वर स्थिरावला त्याला पुढें मोठें माप सहज पेलतें. उलट क्रमानें शिकणाऱ्यास मात्र फार कष्ट पडतात.

तिसऱ्या मनुष्याला, म्हणजे ज्याला रीतसर कारणासाठीं मोठ्या मापाचा परवाना मिळाला आहे त्याला, निवड करावयाची ती मुख्यतः .३१५, .३०-०६ आणि सात मिलिमीटर यांत. .३१५ चा मोठा गुण म्हणजे तिची सर्वत्र ओळख. तिचे दोष म्हणजे जड, मंद गोळी आणि नळकांड्याच्या बुडाला असलेली बाहेरची कड, जी काडतुसांच्या पेटींत अडखळूं शकते. .३०-०६ ची गोळी सेकंदास आठशें मीटरांहून अधिक वेगानें निघते, तिची वाट सपाट असते, आणि आपल्या सरकारी कारखान्यांनींही या मापाची रायफल काढली आहे. सात मिलिमीटर मॉझर, जिला विलायतेंत .२७५ रिग्बी म्हणतात, ती धक्क्याला सर्वांत सौम्य. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ सालीं याच मापाची रायफल भेट मिळाली होती. तिचा गुण निर्विवाद. पण तिचीं काडतुसें येथें दुर्मिळ, आणि काडतुसाविना रायफल म्हणजे नुसती काठी. म्हणून आज मोठ्या मापाची पहिली रायफल घेणाऱ्यानें .३०-०६ पत्करावी, आणि त्यापूर्वीं आपल्या विक्रेत्याकडे वर्षभर पुरवठा कसा असतो याची चौकशी करावी. .३७५ चा विचार पहिल्या रायफलीसाठीं करूंच नये. ज्या जनावरांसाठीं ती निघाली त्यांच्या शिकारीचा काळ आपल्याकडे संपला आहे.

माप ठरल्यावर कारागिराशीं बोलावयाच्या गोष्टी थोड्याच उरतात. आट्यांचा फेर गोळीस अनुरूप पाहिजे: .२२ ला साधारण सोळा इंचांत एक फेरा, तर .३०-०६ च्या लांब गोळीला दहा इंचांत एक. बोल्टचें तोंड व लांबी काडतुसाच्या बुडास व लांबीस जुळलीं पाहिजेत. आंखूड काडतुसाचा बोल्ट मागाहून लांब करतां येत नाहीं. दस्त्याची लांबी खांद्यापासून चापावरील बोटापर्यंत मोजून घ्यावी, आणि गाल टेकतांच डोळा आपोआप माशीच्या रेषेंत यावा. नेमबाजाला खरा लाभ होतो तो या मापांनीं. महागड्या नळीपेक्षां नीट बसलेला दस्ता अधिक गुण मिळवून देतो.

तेव्हां क्रम असा असावा: आधीं उपयोग निश्चित करावा, मग परवाना मिळवावा, मग काडतुसाचा पुरवठा पाहावा आणि शेवटीं नळीचें माप लिहून द्यावें. या क्रमानें जाणाऱ्या बहुतेकांची पहिली रायफल .२२ चीच ठरेल, आणि कित्येक शेतकऱ्यांस रायफलीची गरजच नाहीं असें आढळून येईल. ज्यांना मोठें माप खरोखर हवें ते थोडे. त्यांनींही गोळी कोठवर जाईल आणि तिला काय अडवील याचें उत्तर चापाला बोट लावण्यापूर्वीं तयार ठेवावें.