परड्यांतील काम आणि गोंगाट

ऊंसास पाणी किती, खत किती, याचा हिशेब आमच्या कोल्हापूर भागांतील शेतकरी तोंडपाठ सांगेल. परंतु दिवसाकाठीं आपल्या कानांवर किती आवाज पडला, याची मोजदाद ठेवणारा शेतकरी आमच्या पाहण्यांत नाहीं. ती ठेवणें जरूर आहे, असें आम्हांस कां वाटूं लागलें, तें वाचकांपुढें मांडीत आहों.

गाळपाच्या हंगामांत शेतीच्या कामांतून एखादा दिवस काढून परड्याकडे पाहावें लागतें. पावसाळ्यांत माजलेलें गवत काढणें, शेवग्याच्या फांद्या छाटणें, वांगी-मिरचीच्या वाफ्यांची भांगलण, नारळाचीं आळीं सारखीं करणें, अशीं बारीकसारीक कामें त्या दिवशीं उरकतात. गेल्या पौषांत असाच एक दिवस आम्हीं परड्यांत घालविला. पहाटे म्हशीची धार चालू असतां रस्त्यानें ऊंसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला. त्यावर बसविलेल्या कर्ण्यांतून गाणें इतक्या जोरानें चाललें होतें कीं, गोठ्याचे पत्रे थरथरले. म्हैस बिचकली, आणि पुढें अर्धा तास तिनें दूध सोडलें नाहीं. पुढें मेथीच्या वाफ्यांत खुरपें धरून बसलों, तोंच दुसरा ट्रॅक्टर, मग तिसरा. याच रस्त्यानें बैलगाड्याही ऊंस नेतात. त्यांच्या घुंगरमाळांस गोंगाट म्हणण्याचें अद्याप कोणाच्या मनांत आलेलें नाहीं.

म्हशीच्या वागण्यांत नवल कांहींच नव्हतें. 1941 सालीं एली व पीटर्सन या अमेरिकन संशोधकांनीं गाईजवळ फुगविलेल्या कागदी पिशव्या दर दहा सेकंदांस एक याप्रमाणें दोन मिनिटें फोडून पाहिल्या होत्या. गाय दचकली आणि दूध नेहमींप्रमाणें उतरलें नाहीं. भयामुळें जनावराच्या रक्तांत अॅड्रेनॅलिन सुटतें, आणि पान्हा सोडविणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामांत तें आड येतें. कांसेंत दूध असूनही धार निघत नाहीं, तें यामुळें.

परंतु त्या दिवशीं खरें लक्ष वेधलें तें दुसऱ्याच गोष्टीनें. नऊच्या सुमारास गवत कापणारा गडी आपलें यंत्र खांद्यास अडकवून आला. कानांत कापसाचे बोळे होते. वय तिशीच्या आंतबाहेर. पण कोणतीही गोष्ट त्यास दोनदां सांगावी लागे. ‘शेवगा ठेव’ म्हटलें तर तो तोंडाकडे पाहत राही. आवाज ऐकूं येतो, शब्द मात्र कळत नाहींत, असें तो म्हणाला. हें लक्षण ओळखण्यासारखें आहे. गोंगाटानें कान जाऊं लागतो तो आधीं उंच पट्टीच्या आवाजांपुरता, आणि स, श, त, क या वर्णांची ओळख त्याच पट्टींत पटते. कानाच्या आंतील शंखांत सुमारें 15 हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदां मेल्या म्हणजे पुन्हां उगवत नाहींत. तोडलेल्या ऊंसाचा खोडवा येतो, तसें येथें होत नाहीं.

आवाज मोजण्याचें माप डेसिबल. 85 डेसिबलचा आवाज दिवसांतून आठ तासांहून अधिक कानीं पडूं नये, आणि त्यावर दर 3 डेसिबलला ही मुदत निम्म्यानें उतरवावी, असें अमेरिकेंतील कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेचें प्रमाण आहे. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा, आणि 100 ला अवघीं पंधरा मिनिटें. पेट्रोलवर चालणारें गवत कापण्याचें यंत्र चालविणाऱ्याच्या कानाशीं बहुधा 95 ते 100 डेसिबल आवाज करतें. बिनकेबिनचा ट्रॅक्टर भारानें चालला म्हणजे तोही 90 च्या पुढें जातो. आमच्याकडे आलेला गडी हंगामांत रोज पांच-सहा तास यंत्र चालवितो. हिशेब वाचकांनींच करावा.

ट्रॅक्टरवाल्याची गोष्ट आणखी बिकट आहे. यंत्राचा आवाज झांकण्यासाठीं तो गाण्याचा आवाज चढवितो, आणि दोन्ही त्याच्याच कानांवर पडतात. मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा त्यास ऐकूं येत नाहीं, हा धोका निराळाच.

याविषयीं कायदा नाहीं असें नव्हे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 अन्वयें निवासी भागांत दिवसा 55 व रात्रीं 45 डेसिबल ही मर्यादा आहे. लेखी परवानगीवांचून ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं, आणि सणासुदीचे मोजके दिवस वगळतां रात्रीं 10 ते सकाळीं 6 पर्यंत तो उघड्यावर वाजवितां येत नाहीं. अनेक सुरांच्या भोंग्यांस 1989 च्या मोटार वाहन नियमांनीं मनाई केली आहे. परंतु ट्रॅक्टर मिनिटभरांत पुढें निघून जातो. पोलीस त्याच्या मागें कोठवर धांवणार? आमच्या मतें याचा बंदोबस्त दुसरीकडे आहे. त्या ट्रॉलींतील ऊंस आपला, आणि सहकारी कारखान्याचे सभासदही आपणच. वाहतुकीच्या करारांत कर्ण्यांविषयीं अट घालावी व ती मोडल्यास खेपेमागें कपात करावी, असा ठराव सर्वसाधारण सभेंत मांडण्यास सभासदास कोणी अडवीत नाहीं. दराच्या प्रश्नावर आपण सभा डोक्यावर घेतों. त्यांतील दहा मिनिटें यास देतां येतील.

परड्यांतील यंत्राची व्यवस्था मात्र ज्याची त्यानें करावी. धारेच्या वेळीं तें चालवूं नये. झाडांच्या बुंध्याजवळील आणि वाफ्यांतील गवत विळ्या-खुरप्यानेंच काढावें. तेथें यंत्रानें साल दुखावते तेंही टळतें. चालविणाऱ्यास कान पूर्ण झांकणारीं कर्णरक्षकें द्यावींत. कापसाच्या बोळ्यांनीं फारसें कांहीं अडत नाहीं. कर्णरक्षकाची गादी कानाभोंवतीं सर्व बाजूंनीं बसली पाहिजे. मुंडासें किंवा चष्म्याची काडी मध्यें आली तर तेवढ्या फटींतून आवाज आंत शिरतो. घामानें ती गादी कडक होते, म्हणून काम संपल्यावर ओल्या फडक्यानें पुसून सावलींत ठेवावी, आणि चिरा पडूं लागल्या म्हणजे बदलावी.